पंचवीसचे बावन्न

“तिच्या वर्गात माशीसुद्धा इंग्रजीत गुणगुणायची म्हणे,” हात धुता धुता एक बाई दुसरीला म्हणाली आणि दोघी पदराआड हसल्या. तेराव्याची जेवणं नुकतीच आटोपली होती. ताकाचं भांडं घेऊन मी मागच्या पडवीत उभी होते, पण त्यांना दिसले नाही. मी बहुतेकांना दिसत नाही आणि मला त्याची सवय आहे. दुसरी बाई म्हणाली, “पोरं रडायची तिच्यापुढं. पण शिकायची की नाही, सांगा.” पहिलीने मान डोलावली. एवढ्यावर कमळाक्काचा विषय मिटला आणि बोलणं वड्यांत मीठ कमी पडल्याकडे वळलं.

कमळाक्का म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची, थोरली बहीण. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत वारला, तेव्हापासून ती चामराजपेटेतल्या आमच्या घरीच राहत होती. रोज सकाळी बसने दंडूत जायची. बेंगळूरचे जुने लोक कॅन्टोन्मेंटला दंडू म्हणतात. तिथल्या एका इंग्रजी शाळेत तिने तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला. जानेवारीच्या थंडीत छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं आणि बारा दिवसांत ती गेली. तेराव्याच्या सकाळीच शाळेच्या हेडमिस्ट्रेसबाईंची चिठ्ठी आली होती. सोमवारपासून वर्ष संपेपर्यंत तो वर्ग मी घ्यावा, असं त्यात होतं. मी नुकतंच शिक्षिकेचं ट्रेनिंग पुरं केलं होतं, शिवाय मी तिची भाची आणि तिचीच विद्यार्थिनी. म्हणजे पद्धत बदलणार नाही. अप्पांनी ती चिठ्ठी पानांवर बसलेल्या सगळ्यांना वाचून दाखवली. “अक्काची खुर्ची घरातच राहिली,” ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी “सरी” म्हणाले. कानडीतला हा शब्द आमच्या घरात होकारासाठी चालतो आणि बोलणं संपवण्यासाठीही. मला त्यातलं कुठलं म्हणायचं होतं, ते कुणी विचारलं नाही.

पद्धत बदलणार नाही... हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. मला कमळाक्का आवडत नव्हती आणि ती गेली म्हणून आता आवडू लागली आहे असंही नाही. ज्यांना तिच्याविषयी गोड वाचायचं असेल, त्यांच्यासाठी शाळेच्या व्हरांड्यात एक इंग्रजी मजकूर काचेत लावलेला आहे. तोही मीच लिहून दिला. तो लिहायला मला अर्धा तास लागला. हा लिहायला तीन आठवडे लागले.

मी सहा वर्षांची झाले तेव्हा अक्काने अप्पांना सांगितलं की पद्दीला मी माझ्या शाळेत घालते. पद्दी म्हणजे मी, पद्मा. पहिल्या दिवशी तिने माझी घट्ट वेणी घातली, बसमध्ये खिडकीजवळ बसवलं, वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक पाटीवरचं अक्षर वाचून दाखवलं. मला तो प्रवास अजून आठवतो, कारण तिने माझा हात एवढा वेळ धरल्याची तीच एक वेळ. शाळेच्या फाटकाशी तिने तो सोडला आणि म्हणाली, “आत मी अक्का नाही. मिस.” मी हो म्हटलं, पण सहा वर्षांच्या मुलीच्या लक्षात काय राहणार? तासाभराने मला पाणी प्यायचं होतं आणि मी भर वर्गात “अक्का” अशी हाक मारली. तिने माझ्यावरून नजर नेली, मागच्या भिंतीपर्यंत. मग अगदी शांतपणे इंग्रजीत विचारलं, अक्का नावाचं इथे कोण आहे? बाकी मुलं आपापल्या बाकावर वळून वळून त्या अक्काला शोधू लागली आणि खो खो हसली. पाणी मी घरी जाऊन प्यायले.

ती वाईट शिकवायची असं मात्र मला म्हणता येत नाही, आणि तीच खरी अडचण आहे. वाचायला शिकवण्यात तिचा हात धरणारं त्या शाळेत कुणी नव्हतं. अक्षराचं नाव ती आधी सांगतच नसे, त्याचा आवाज सांगायची. वाळूच्या तबकात बोटाने अक्षर काढायला लावायची आणि काढता काढता तो आवाज म्हणायला लावायची. इंग्रजीतला ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आमच्या तोंडात एकच होई. त्यासाठी तिच्या टेबलावर एक गोल आरसा असे. ती मुलाशेजारी गुडघ्यावर बसायची, आरसा त्याच्या तोंडापुढे धरायची, खालचा ओठ दाताखाली कसा येतो ते दाखवायची. एकेका मुलापाशी दहा-दहा मिनिटं. कधी आवाज चढला नाही, कधी घड्याळाकडे पाहिलं नाही. माझ्यापाशीही ती अशीच बसली होती. तिचा गरम श्वास माझ्या गालाला लागत होता आणि मला वाटलं होतं, शाळा म्हणजे हे.

मग अंक आले. एकपासून वीसपर्यंत माझं काही अडलं नाही. त्यापुढे अक्का तोंडाने आकडा सांगायची आणि आम्ही तो पाटीवर लिहायचा. ती म्हणे ट्वेंटी-फाइव्ह. तो शब्द मी आधी मनातल्या मनात घरी न्यायची, त्याला पंचवीस म्हणायची आणि मग लिहायची. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतात, वीस नंतर. म्हणून मी आधी पाच लिहायची आणि त्याच्यापुढे दोन. बावन्न. साल बावन्न होतं आणि रोज पाटीच्या डोक्यावर ते लिहायचं असे. तिथे बावन्नमधले दोन मला आधी ऐकू येत, म्हणून मी एकोणीसशे पंचवीस लिहायची. एकोणतीस आला की त्यातलं तीस तेवढं कानात राही आणि मी तिनाने सुरुवात करायची. शेजारच्या कानडी मुलींना हा त्रास नव्हता. त्यांचं इप्पत्तैदु इंग्रजीसारखंच, वीस आधी आणि पाच नंतर. तमिळ मुलींचंही तसंच.

अक्काने कधी छडी वापरली नाही. तिचे दोन शब्द होते. ‘लुक अगेन.’ पुन्हा बघ. पाटीशी उभी राहून ती एवढंच म्हणायची. मी बघायची. मला पाटीवर पंचवीसच दिसायचे. ती पुन्हा म्हणायची, त्याच आवाजात, लुक अगेन. काय बघायचं ते ती सांगत नसे. पाचव्या-सहाव्या वेळेला आकडे पाण्यात बुडायचे आणि मग ती पुढच्या पाटीकडे जायची. तिच्या वर्गात तीन रांगा होत्या, त्यांना प्राण्यांची इंग्रजी नावं होती. हरणं पुढे, ससे मध्ये, खिडकीशी एकच बाक गोगलगायींचा. दिवाळीच्या आधी मी त्या बाकावर गेले.

गोगलगायींना एक जास्तीचा नियम होता. गणित करताना ओठ हलवायचे नाहीत. पुटपुटणारं मूल आळशी होतं, असं अक्काचं मत होतं. त्यासाठी तिच्या टेबलावर एक पत्र्याचा डबा असे आणि त्यात पाटीवरच्या पेन्सिली, ज्यांना आम्ही घरीदारी कानडीतल्यासारखं बळप म्हणायचो. लिहिण्यासाठी नव्हे. लिहायचा बळप ज्याचा त्याचा असे. डब्यातला बळप दोन ओठांत आडवा धरायचा आणि आकडे संपेपर्यंत धरून ठेवायचा. पंचवीस म्हणताना पहिल्याच अक्षराला ओठ मिटावे लागतात. बळप असला की ते मिटत नाहीत. तोंडात दगडाची चव, हनुवटीवर लाळ, आणि मनातला प अर्धाच उमटलेला... मला तेव्हा हे शब्दांत सांगता आलं नसतं. एवढंच कळायचं की आकड्याचं नाव माझ्यापासून काढून घेतलंय आणि आता तो आकडा कुणाचा ते ओळखायचंय.

त्या बाकावर आम्ही तिघी होतो. मी, नूर आणि जैनब. त्या दोघींच्या घरी दखनी बोलत. नूर धीट होती. अक्काची पाठ वळली की बळप काढून माझ्या कानाशी म्हणायची, “नक्को रो. मिस देखती नै, सूंगती.” रडू नको, मिस बघत नाही, वास घेते. मला हसू फुटायचं. नूरचा नक्को मला अगदी माझ्या घरचा वाटायचा, आत्ताच आईने म्हटल्यासारखा. वर्गातल्या चाळीस मुलांमधून आम्हा तिघींनाच आकडे उलटे का दिसावेत, हे त्या वयात कळण्यासारखं नव्हतं. ट्रेनिंगला असताना एका दुपारी वहीत आकडे मांडता मांडता माझा हात थांबला. नूरच्या घरी पच्चीस म्हणत असणार. तिथेही पाच आधी. गोगलगायींचा बाक मंदबुद्धी मुलांचा नव्हता. तो पाच आधी म्हणणाऱ्या घरांचा बाक होता.

मला हे सोळा वर्षांनी कळलं. अक्काला तेव्हाच ठाऊक होतं. हे मी रागाच्या भरात म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा आहे.

शनिवारी दुपारी ती तो पत्र्याचा डबा घरी आणायची. स्वच्छतेची तिला भारी आवड. बळप उकळत्या पाण्यात घालायची आणि फडक्यावर वाळत ठेवायचं काम माझं. सोमवारी यातला कुठला माझ्या वाट्याला येईल, याचा मी विचार करायची, आणि एकाला टवका गेला होता तो नेहमी कडेला ठेवायची. अक्का शेजारी आरामखुर्चीत विणत बसायची. टाके मोजताना तिचे ओठ हलत. एका शनिवारी मला स्पष्ट ऐकू आलं. तेवीस, चोवीस, पंचवीस. मला एवढा आनंद झाला की मी ओरडलेच, “अक्का, तू पंचवीस म्हणालीस.” तिची सुई थांबली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “घरात.” मग ओळीच्या सुरुवातीला जाऊन तिने टाके पुन्हा मोजले. या खेपेला ओठ मिटलेले होते.

आईने एकदाच मध्ये पडायचा प्रयत्न केला. मी झोपेत लुक अगेन, लुक अगेन बडबडते हे तिने ऐकलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून ती म्हणाली, “वन्सं, तिला एकदा मराठीत समजावून सांगा ना. स्वल्पच आहे, घोळ होतो तिचा.” अक्का ताटावरून उठली नाही. “शाळा मराठी आहे का? आज मराठीत सांग म्हणशील, उद्या वर्गात पाळणा बांधा म्हणशील.” अप्पा आमटी भुरकत होते. ते म्हणाले, अक्काला कळतं. आईने पुढे काही म्हटलं नाही. बाहेर नोकरी करणाऱ्या बाईशी बोलायची आईला धास्ती वाटायची, आणि मला वाटतं, मी गप्प राहायला तिथूनच शिकले.

मार्चमध्ये अक्काने मला नापास केलं. स्वतःच्या सहीने. जैनब वरच्या वर्गात गेली, नूरला तिच्या वडिलांनी शाळेतून काढलं, आणि जूनमध्ये गोगलगायींच्या बाकावर जुनी अशी मी एकटी उरले. भाचीला नापास केलं याचं शाळेत फार कौतुक झालं. तेराव्याला सुद्धा एकांनी ती गोष्ट सांगितली, माझ्यासमोर, आणि न्याय म्हणजे काय ते या बाईकडून शिकावं असं म्हणाले. मी त्यांना ताक वाढत होते.

दुसऱ्या वर्षी मी माझी युक्ती काढली. पाटीवर आधी डावीकडे एका आकड्याची जागा मोकळी सोडायची, मग पाच लिहायचे, मग मागे येऊन मोकळ्या जागेत दोन. हात उलटा चालायचा, पण आकडा सुलटा पडायचा. एकदा अक्का माझ्या मागे येऊन उभी राहिली. माझा हात पाचावरून दोनाकडे येताना तिने पाहिला, हे मला तिच्या साडीच्या सळसळीवरून कळलं. मी पुन्हा बघ ऐकायच्या तयारीत डोळे मिटले. ती काही न बोलता पुढे गेली. दुसऱ्या दिवशी मी सशांत होते. त्या गप्प राहण्याला दया म्हणायचं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आजही आकडे तसेच लिहिते. कुणी घरक्रमांक विचारला तर मला क्षणभर थांबावं लागतं. कंडक्टर वैतागतात. कॉलेजात मी चार वर्षांत एकदाही हात वर केला नाही. हे सगळं एका बळपावर ढकलणं बरोबर नव्हे, हे मला कळतं... पण त्याची चव अजून जिभेवर आहे.

आता तिच्या शेवटच्या दिवसांतलं. दवाखान्यात हलवायच्या आदल्या दुपारी ती उशीला टेकून बसली होती, अंगावर शाल, मांडीवर वर्गाचं हजेरीपुस्तक. आजारपणातही तिने ते घरी मागवून घेतलं होतं, महिन्याच्या बेरजा राहिल्या होत्या म्हणून. मी औषधाची बाटली घेऊन शेजारी उभी होते. एका रकान्यात अठ्ठेचाळीस लिहायचे होते. तिने डावीकडे जागा सोडली, आठ लिहिले, मग पेन मागे आणलं आणि चार लिहिले. पुढच्या रकान्यात शेहेचाळीस. आधी सहा. ही चाल सवयीची होती, किती वर्षांची कुणास ठाऊक. तीस वर्षं फळ्यावर लिहिताना तिने ती लपवली असणार.

मी आयुष्यात पहिल्यांदा तिला उलट प्रश्न विचारला. “माझं काय चुकतंय ते तुला ठाऊक होतं, अक्का.”

“होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

तिने पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता ती डोळे मिटून घेईल. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं, खिडकीच्या बाकाकडे पाहायची तसं. “मला कुणी सांगितलं होतं?”

त्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, तक्रारही नव्हती. एखाद्या गणिताचं उत्तर सांगावं तसं तिने सांगितलं. कॅन्टोन्मेंटच्या त्या शाळेत ती चोवीस वर्षांची विधवा मुलगी म्हणून उभी राहिली तेव्हा तिला काय काय गिळावं लागलं असेल, याची मला कल्पना करता येते. ती घरी मराठी बोलते हे तिथल्या कुणाला कळू नये म्हणून ती किती जपायची, तेही मी पाहिलेलं आहे. हेडमिस्ट्रेसबाई आजही तिला कानडी समजतात. पण कारण समजलं म्हणून राग उतरतो असं मला वाटत नाही. स्वतः सोसलं ते पुढच्यांच्या अभ्यासक्रमात घालायचं, ही तिची पद्धत. आरसा घेऊन गुडघ्यावर बसणारी बाई एक वाक्य सांगू शकली असती. एकच. मला तिला हे सगळं म्हणायचं होतं. मी चमच्यात औषध ओतलं, तिने ते घेतलं, आणि मी म्हणाले, “सरी.”

सोमवारी मी तिच्या वर्गात गेले. टेबल पुसलेलं होतं, आरसा उलटा घातलेला, वाळूचं तबक खिडकीत. पत्र्याचा डबा होता तिथेच होता. आत आठ बळप, धुतलेले. त्यातल्या एकाला टवका गेलेला. तो माझाच होता की असा दुसरा, ते सांगता येणार नाही. मुलं मला मिस म्हणाली आणि मी वळून मागे पाहिलं. हेडमिस्ट्रेसबाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या, नव्या बाई कशा शिकवतात ते बघायला. मी आकडे सांगायला सुरुवात केली, बाकांमधून फिरत राहिले, आणि खिडकीच्या बाकाशी आले.

तिथे यमुना नावाची मुलगी बसते. वडील शिंपी, घर आमच्यासारखंच कधीकाळी महाराष्ट्रातून येऊन इथे राहिलेलं. मी ट्वेंटी-फाइव्ह म्हटलं तेव्हा तिचे ओठ मिटलेले मी पाहिले. प. मग तिने पाच लिहिले आणि त्याच्यापुढे दोन. मी तिच्या पाटीशी उभी राहिले, तोंड उघडलं आणि म्हणाले, “लुक अगेन.”

मी म्हणाले. त्याच आवाजात. शब्द मला आधी ऐकू आले आणि मग ते कुणी उच्चारले ते कळलं. यमुनाने पाटीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग कुणी न सांगता ती उठली, टेबलापाशी गेली, डब्यातून एक बळप काढला, बाकावर येऊन बसली आणि तो आपल्या ओठांत आडवा धरून माझ्याकडे बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. असंच करायचं असतं, एवढंच होतं. व्हरांड्यातल्या खुर्चीतून हेडमिस्ट्रेसबाईंनी समाधानाने मान हलवली. पद्धत बदलली नव्हती.

मी बाकाशेजारी खाली, गुडघ्यावर बसले. माझा आवाज एरवी पहिल्या रांगेपलीकडे जात नाही. त्या दिवशी तो व्हरांड्यापर्यंत गेला.

“यमुना, ते काढ तोंडातून. पंचवीस म्हण. मोठ्यानं म्हण, बरोबर आहे ते. फक्त लिहिताना वीस आधी.”